कमी कापून चालतं, हे सिद्ध कसं करतात?

नवं औषध जुन्यापेक्षा सरस आहे, हे दाखवायचं असेल तर दोन गट करून फरक दिसतो का ते पाहायचं. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत मात्र गेली पन्नास वर्षं प्रश्न उलटा आहे. सर्जन म्हणतो, मी कमी काढतो, तरी बाई तितकीच जगेल. म्हणजे फरक नाही, हे सिद्ध करायचं आहे. आणि फरक न दिसणं फार फसवं असतं. अभ्यास पुरेसा गलथान केला की कशातच फरक दिसत नाही. आज मी बोलणार आहे ते या अडचणीबद्दल.

विल्यम हॉल्स्टेडनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या रॅडिकल मॅस्टेक्टोमीत स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसीका ग्रंथी (शरीरातला लसीका हा द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी) असं सगळं एकसंध काढलं जाई. त्यामागचा विचार असा, की रोग गाठीतून ग्रंथींत आणि ग्रंथींतून शरीरभर, टप्प्याटप्प्यानं सरकतो. तेव्हा आपण त्याच्या पुढे जाऊन कापायचं. जखमेच्या जागी रोग उलटणं यानं खरोखर कमी झालं. पण त्यामुळे आयुष्य वाढलं का, हे कुणी नीट मोजलं नव्हतं. पाऊणशे वर्षं ही पद्धत टिकली ती या न मोजण्यावर.

१९७१ साली अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या गटानं बी-०४ ही चाचणी सुरू केली. काखेत हाताला काही लागत नाही अशा १,०७९ बायकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन गटांत वाटणी झाली: रॅडिकल मॅस्टेक्टोमी, नुसता स्तन काढून काखेला रेडिएशन, आणि नुसता स्तन काढून काखेला हातच लावायचा नाही, पुढे ग्रंथी वाढल्या तरच काढायच्या. आता आकडे बारकाईनं पाहा. पहिल्या गटात काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा सुमारे ४० टक्के बायकांच्या ग्रंथींत रोग सापडला. वाटणी चिठ्ठीनं झाली असल्यामुळे तिसऱ्या गटातही तितक्याच बायकांच्या काखेत रोग दडलेला असणार. तिसऱ्या गटात ३६५ बायका होत्या, म्हणजे अंदाजे १४५. प्रत्यक्षात पुढे काखेत रोग वर आला तो ६८ जणींत, १८.६ टक्के. निम्म्याहून अधिक ठिकाणी मागे ठेवलेला रोग काखेत उघडपणे वाढलाच नाही. आणि २५ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही तिन्ही गटांच्या जगण्यात लक्षणीय फरक नव्हता. हॉल्स्टेडचा टप्प्याटप्प्यांचा सिद्धान्त कोसळला तो इथे.

तरी एक टोचणी राहते. तिसऱ्या गटात काही बायकांच्या थोड्या ग्रंथी स्तनाबरोबर निघाल्या होत्या, आणि छोटा फरक पकडण्याइतकी चाचणी मोठी नव्हती. ‘लक्षणीय फरक नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढची तीस वर्षं त्यावरच भांडण झालं.

मग चिठ्ठ्याच कशाला, रुग्णालयांच्या नोंदी चाळल्या तर काय बिघडतं? चौथ्या टप्प्याचं उदाहरण घ्या. रोग हाडांत, यकृतात पसरल्यावरही स्तनातली मूळ गाठ काढली तर बायका जास्त जगतात, असं जुन्या नोंदींवरच्या कितीतरी अभ्यासांत दिसत होतं. फरक ठसठशीत होता. पण शस्त्रक्रिया कोणाची झाली? जी तरुण, जिचा रोग कमी जागी, जिला किमो लागू पडली तिची. शिवाय किमोचे महिने पार करून ऑपरेशन टेबलापर्यंत जी पोचली, ती त्या महिन्यांत मरण पावलेली नव्हती, हे उघडच आहे. ते महिने शस्त्रक्रियेच्या खात्यात फुकट जमा होतात. टाटा मेमोरियलच्या गटानं किमोला प्रतिसाद दिलेल्या ३५० बायकांत चिठ्ठी टाकून ही तुलना केली. २०१५ साली निकाल आला: जगण्याचा मध्यक (निम्म्या बायका ज्याहून जास्त जगल्या तो काळ) शस्त्रक्रिया झालेल्यांत १९.२ महिने, न झालेल्यांत २०.५ महिने. नोंदींतला तो सगळा ठसठशीत फायदा निवडीचा होता. म्हणून स्तन वाचवून रेडिएशन घेतलेल्या बायका पूर्ण स्तन काढलेल्यांपेक्षाही जास्त जगतात, असं आजकाल नोंदींच्या आधारे कोणी सांगितलं, तर मी आधी विचारीन की दोन्हींकडे कोणकोण गेलं.

स्तन वाचवण्याचा प्रश्न दोन चाचण्यांनी सोडवला. मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी ७०१ बायका घेतल्या. फिशर यांच्या बी-०६ मध्ये ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी आणि १,८५१ बायका. वीस वर्षांनी दोन्हीकडे जगणं सारखं निघालं. बी-०६ च्या बाबतीत पुढे उघड झालं, की माँट्रियलच्या एका सर्जननं रुग्ण चाचणीच्या निकषांत बसावेत म्हणून नोंदी बदलल्या होत्या. त्याचे सगळे रुग्ण वगळून पुन्हा हिशेब केला, निष्कर्ष हलला नाही. अनेक केंद्रांत चाचणी वाटलेली असण्याचा हा एक फायदा, कोणी फारसा न बोललेला.

बी-०६ मधला दुसरा आकडा अधिक बोलका आहे. नुसती गाठ काढली तर २० वर्षांत त्याच स्तनात रोग उलटण्याचं प्रमाण ३९.२ टक्के; गाठ काढून रेडिएशन दिलं तर १४.३ टक्के. इतका फरक, आणि एकूण जगणं सारखंच? १७ चाचण्यांतल्या १०,८०१ बायकांची माहिती एकत्र केल्यावर २०११ साली याचा उलगडा झाला. रेडिएशननं दहा वर्षांतला कुठलाही पहिला पुनरुद्भव (रोग उलटणं) ३५.० वरून १९.३ टक्क्यांवर आणला, आणि पंधरा वर्षांतले स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू २५.२ वरून २१.४ वर. म्हणजे साधारण चार पुनरुद्भव टाळले की एक मृत्यू टळतो. फायदा होता, पण एकट्या चाचणीला दिसणार नाही इतका बारीक.

आता हेच गुणोत्तर डोळे झाकून सगळीकडे लावलं की घोटाळा होतो. ‘प्राइम टू’ चाचणीत ६५ वा अधिक वयाच्या, ३ सेंटिमीटरपर्यंतची गाठ, संप्रेरकांना प्रतिसाद देणारा रोग आणि ग्रंथी स्वच्छ अशा १,३२६ बायका होत्या. सगळ्यांना संप्रेरकविरोधी गोळ्या, निम्म्यांना रेडिएशन. दहा वर्षांत स्तनात रोग उलटला तो रेडिएशनविना ९.५ टक्के, रेडिएशनसह ०.९ टक्के. ‘दसपट कमी’ असं म्हटलं की बाई लगेच हो म्हणते. ‘शंभरातल्या नव्वदजणींना रेडिएशन न घेताही त्या स्तनात रोग उलटला नाही, आणि दहा वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८०.८ आणि ८०.७ टक्के’ असं म्हटलं की ती विचार करते. दोन्ही वाक्यं एकाच तक्त्यातली आहेत. रुग्णाशी बोलताना दुसरं आधी यावं.

काखेकडे वळू, कारण खरी लढाई तिथे आहे. काख पूर्ण साफ करायची म्हणजे काखेतल्या शिरेखालच्या पहिल्या दोन पातळ्यांवरच्या ग्रंथी चरबीसकट काढायच्या. निदान दहा तरी मिळाव्यात अशी अपेक्षा असते. त्यात छातीच्या कडेनं उतरणारी लांब नस दुखावली तर खांद्यामागचं चपटं हाड पाठीवर उचलल्यासारखं दिसतं. आडवी जाणारी त्वचेची नस कापली तर दंडाची आतली बाजू बधिर होते. आणि लसीकेची वाट तुटल्यानं हाताला सूज येते, जी कित्येकदा जन्माची सोबत होते.

त्यावर उपाय निघाला सेंटिनल नोड बायोप्सीचा. स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाखाली टेक्नेशियम हा किरणोत्सर्गी पदार्थ लावलेला कोलॉइड आणि निळा रंग टोचायचा, थोडं मालिश करायचं, आणि गाठीकडून येणारी लसीका ज्या ग्रंथीत आधी पोचते ती गॅमा प्रोबनं, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणाऱ्या सळईनं, हुडकायची. सर्वांत ‘गरम’ ग्रंथी काढली की तिच्या मोजणीच्या १० टक्क्यांहून जास्त देणारी प्रत्येक ग्रंथी काढायची. निळी झालेलीही काढायची. आणि शेवटी बोट घालून चाचपायचं. कडक लागेल ती ग्रंथी निळी नसली, गरम नसली तरी काढायची. ही शेवटची पायरी घाईत गळते आणि तिथेच चूक होते. कर्करोगानं ठासून भरलेल्या ग्रंथीत रंग शिरतच नाही, लसीका शेजारच्या निरोगी ग्रंथीकडे वळते, आणि पॅथॉलॉजिस्ट प्रामाणिकपणे ‘निगेटिव्ह’ लिहितो. भूलतज्ज्ञासाठी आणखी एक सूचना: निळ्या रंगानं पल्स ऑक्सिमीटर ऑक्सिजन खोटाच कमी दाखवतो. पण याच रंगाची तीव्र अ‍ॅलर्जीही येऊ शकते, म्हणून आकडा उतरला की रक्तदाब पाहिल्याशिवाय निर्धास्त राहू नये.

बी-३२ चाचणीत या तपासणीचं खोट्या निगेटिव्हचं प्रमाण ९.८ टक्के आलं. एकच ग्रंथी काढली असेल तर १७.७, दोन काढल्या तर १०.०, तीन काढल्या तर ६.९. इथे भागाकार कशानं करतात ते बघा. हे ९.८ टक्के ‘निगेटिव्ह’ म्हणून सांगितलेल्या बायकांपैकी नाहीत. ज्यांच्या काखेत खरोखर रोग होता त्यांच्यापैकी आहेत. समजा १,००० बायका, त्यांतल्या ३०० जणींच्या काखेत रोग. दहा टक्के निसटल्या, म्हणजे ३०. ‘निगेटिव्ह’ असा कागद ७०० अधिक ३०, अशा ७३० जणींच्या हातात पडतो. त्यांच्यात चुकीचा निकाल मिळालेल्या ४.१ टक्के. बाई विचारते ते हे, आणि तिला बहुतेक वेळा सांगितलं जातं ते दुसरं.

आता समजा सेंटिनल ग्रंथीत रोग सापडला. उरलेली काख साफ करायची की नाही? झेड-००११ ही चाचणी यासाठीच. एक किंवा दोन सेंटिनल ग्रंथी बाधित, स्तन वाचवलेला, पूर्ण स्तनाला रेडिएशन ठरलेलं. अशा बायकांपैकी निम्म्यांची काख साफ करायची, निम्म्यांची नाही. ‘कमी नाही’ हे सिद्ध करायला आधी सीमा आखावी लागते: मृत्यूचा दर जास्तीत जास्त किती वाढलेला चालेल? सीमा ठरली हॅझर्ड रेशो (दोन गटांतल्या मृत्यूच्या दरांचं गुणोत्तर) १.३ ची, म्हणजे तीस टक्के वाढ. एकतर्फी पाच टक्के चूक आणि ९० टक्के ताकद (खरोखर फरक नसेल तर ते सिद्ध होण्याची शक्यता) धरली, तर त्यासाठी सुमारे ५०० मृत्यू लागतात. बायका नव्हेत, मृत्यू. अशा हिशेबात माहिती येते ती घटनांतून. दहा हजार बायका घेतल्या आणि कोणीच दगावलं नाही, तर हातात काहीच नाही. म्हणून १,९०० बायकांची योजना होती. मिळाल्या ८९१, बायका अपेक्षेपेक्षा जास्त जगल्या, आणि चाचणी वेळेआधी थांबली. २०११ साली निकाल छापला तेव्हा एकूण मृत्यू ९४ होते.

९४ मृत्यूंवर मोजमापाचा पट्टा, म्हणजे खरा आकडा ज्या दोन कडांच्या मध्ये असण्याची दाट शक्यता आहे तो, किती रुंद पडतो, हे कागदावर काढता येतं. दोन समान गट असतील तर हॅझर्ड रेशोच्या लॉगची प्रमाणत्रुटी म्हणजे २ भागिले मृत्यूंचं वर्गमूळ, इथे सुमारे ०.२१. त्यावरून ९० टक्के पट्ट्याची वरची कड मधल्या आकड्याच्या १.४ पट येते. म्हणजे दोन्ही गट अगदी सारखे निघाले असते, हॅझर्ड रेशो बरोबर १ आला असता, तर वरची कड १.४ वर गेली असती आणि १.३ ची सीमा ओलांडून चाचणी नापास झाली असती! ती पास झाली, कारण मधला आकडा ०.७९ आला आणि वरची कड १.११ वर राहिली. कमी शस्त्रक्रियेचा गट किंचित सरस दिसला, या योगायोगावर निष्कर्ष उभा होता. ५०० मृत्यू असते तर १ आला असता तरी कड १.१६ च्या आसपास थांबली असती. दहा वर्षांनी जगण्याचं प्रमाण ८६.३ आणि ८३.६ टक्के, पुन्हा कमी शस्त्रक्रियेच्याच बाजूनं. त्यामुळे निष्कर्ष बरोबर असल्याची शक्यता भक्कम झाली, पण २०११ साली शंका घेणारे सर्जन जुनाट विचारांचे होते म्हणून शंका घेत नव्हते.

त्यांची दुसरी हरकत रेडिएशनची. तपशीलवार नोंदी मिळालेल्या २२८ बायकांत सुमारे १९ टक्क्यांना ग्रंथींसाठी वेगळं तिसरं क्षेत्र दिलेलं सापडलं, ज्याला नियमावलीत परवानगीच नव्हती. म्हणजे काख ‘सोडलेल्या’ काही बायकांची काख किरणांनी भाजली जात होती.

तिसरी गोष्ट आकडेशास्त्रातली आहे. औषधाच्या चाचणीत आपण बाईला चिठ्ठीत निघालेल्या गटातच मोजतो, प्रत्यक्षात तिला काही का मिळेना. तिथे हा नियम फरक पातळ करतो, म्हणून तो सावध ठरतो. ‘कमी नाही’ सिद्ध करताना तोच नियम उलटा फिरतो: इकडच्या काहीजणी तिकडे गेल्या की दोन्ही गट सारखे दिसू लागतात, आणि ढिलाईला यशाचं बक्षीस मिळतं. म्हणून अशा चाचणीत नेमून दिलेला उपचार खरोखर मिळालेल्यांचा वेगळा हिशेब मागायलाच हवा.

काख साफ करायची की सोडायची याच प्रश्नावरच्या सेनोमॅक चाचणीत हा हिशेब आहे. २०२४ साली छापलेल्या निकालात २,५४० बायका मोजल्या, पूर्ण स्तन काढलेल्याही त्यात होत्या. पाच वर्षं रोग न उलटता राहिलेल्या काख सोडलेल्यांत ८९.७ टक्के, साफ केलेल्यांत ८८.७; हॅझर्ड रेशो ०.८९, वरची कड १.१९, सीमा १.४४. दोन्ही गटांत जवळपास नव्वद टक्क्यांना ग्रंथींसकट रेडिएशन होतं, हे मात्र निकालासोबत वाचायला हवं.

मग कोणी म्हणतं, रोगावर ताबा हा एक भाग झाला. चार किंवा अधिक ग्रंथी बाधित असतील तर रोग उलटू नये म्हणून अबेमासिक्लिबसारखं औषध देता येतं, आणि ग्रंथी काढल्याच नाहीत तर मोजणार कशा? सेनोमॅकच्या गटानं याचाही हिशेब मांडला. त्या औषधामुळे पाच वर्षांत एका बाईचा रोग उलटणं टाळायचं, तर १०४ बायकांची काख साफ करावी लागते. आणि त्या १०४ पैकी सुमारे नऊ जणींच्या हाताची हालचाल वर्षभरानंतर गंभीर किंवा अतिगंभीर बिघडलेली असते, जी एरवी बिघडली नसती.