सिस्टर, घसा खाजतोय

या व्हिडिओत ताईच्या मांडीवर हा जो थर्माकोलचा डबा दिसतोय ना, त्यात आंबे नाहीयेत. दोन बाटल्या आहेत, प्रत्येकी ५०० मिलीग्राम, बाजूने बर्फाचे पॅक, आणि स्वारगेटला रिक्षात बसल्यापासून माझं दोनदा म्हणून झालंय, काका खड्ड्यातून जरा हळू. हे औषध म्हणजे प्रोटीन, जोरात घुसळलं की फेस येतो आणि खराब होऊ शकतं. २ ते ८ डिग्रीत ठेवायचं पण गोठवायचं नाही, म्हणजे घरी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवून मोकळं व्हायची सोय नाही. ताई डबा असा धरून बसलीये जसं काय मांडीवर बाळ आहे.

औषधाचं नाव रिटक्सिमॅब. ताईला एमएस आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस. आपली स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदू, मणक्यातला मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा इथल्या मज्जातंतूंवरचं आवरण खाते, आणि मग ज्या जागी खाल्लं त्या जागेचं काम बिघडतं. ताईचा आधी उजवा डोळा गेला, म्हणजे धुरकट झाला, लाल रंग फिका दिसायला लागला. तेव्हा स्टेरॉईडचे पाच दिवस, रोज एक ग्रॅम, सलाईनमधून. ते पाच दिवस तिला आठवतात ते तोंडातल्या लोखंडी चवीने. चहा प्यायला तरी नाणं चघळल्यासारखं. शेवटी आवळा कँडीने जरा निभावलं, सलाईन सुरू असताना एक गालात धरून ठेवायची.

आता दर सहा महिन्यांनी हे रिटक्सिमॅब, आज चौथी खेप. आपल्याकडे बरेच न्यूरोलॉजिस्ट एमएसला हेच देतात आणि त्याला कारण पैसा आहे, उगाच आडून आडून कशाला बोलायचं. मुळात हे १९९७ साली लिम्फोमा म्हणजे एका कॅन्सरसाठी आलेलं औषध. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने त्याचा भारतीय अवतार काढला, रेडिटक्स, आणि २००८ मध्ये १०४ पेशंटवरची एक चाचणी छापून आली की एमएसमध्ये पण हे चालतं. तरी पाकिटावर एमएस हा शब्द नाही. त्याचंच पुढचं भावंड ओक्रेलिझुमॅब, त्याला अमेरिकेत २०१७ मध्ये एमएससाठी रीतसर परवानगी मिळाली, पण त्याची किंमत ऐकून आम्ही दोघं गप्प बसलो होतो. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी रिटक्सिमॅब घातलं, तेव्हा ताई म्हणाली, चला, आपलं औषध गरिबाघरचं असलं तरी आता यादीत आलं.

डे-केअर वॉर्ड. सकाळचे साडेआठ. ताई पोहे खाऊन आलीये, मुद्दाम, उपाशीपोटी यायचं नाही. काल दिवसभर पाणी पीत होती कारण पाणी कमी पडलं की शीर सापडत नाही आणि मग तीन तीन वेळा टोचतात. सिस्टर गरम पाण्याची पिशवी मागवतात, हातावर पाच मिनिटं, आणि इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत घालायची बारीक नळी, एका फटक्यात आत. डाव्या हाताला. उजवा हात मोबाईलला लागतो म्हणे.

औषधाची बाटली अजून कुणी उघडलेली नाही. आधी तीन गोष्टी: पॅरासिटामॉलची गोळी, अ‍ॅव्हिलचं, म्हणजे अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन आणि १०० मिलीग्राम स्टेरॉईड. मग अर्धा तास नुसतं बसायचं. हा अर्धा तास घाईतल्या माणसाला फुकट गेल्यासारखा वाटतो, पण पुढचा सगळा दिवस यावर उभा आहे. अ‍ॅव्हिलने ताईचे डोळे जड होतात, म्हणून बाथरूमला जायचं ते आत्ता, आणि नंतर जायचं झालं तर एकटीने नाही. एमएसमध्ये लघवीची घाई आधीच असते, त्यात सलाईन, त्यात अ‍ॅव्हिलची गुंगी आणि पाय आधीच लटपटणारे. आम्ही बेडच बाथरूमजवळचा मागतो. खिडकीचा मिळत होता, नको म्हटलं.

आता हे मशीन बघा, इन्फ्युजन पंप. याच्यावर जो आकडा दिसतोय ना, आजचा सगळा दिवस म्हणजे तो आकडा. पहिल्या वेळी तासाला ५० मिलीग्रामने सुरू करतात, दर अर्ध्या तासाला ५० ने वाढवतात, जास्तीत जास्त ४०० पर्यंत. हजार मिलीग्राम आत जायला सव्वाचार तास लागतात, मी कागदावर गणित केलं होतं, दुसरं काम काय होतं मला. पहिली खेप नीट पार पडली तर नंतर १०० ने सुरू करून १०० ने वाढवतात, मग सव्वातीन तासात होतं. अर्थात मध्ये काही झालं नाही तर.

पहिल्या वेळी झालं होतं.

तेव्हा हॉस्पिटल दुसरं होतं. सुरू होऊन दीड तास झाला असेल, आकडा १५० वरून २०० वर गेलेला. ताई सारखी खाकरत होती. मी विचारलं काय होतंय, म्हणाली काही नाही, एसीने होत असेल. कानाच्या पाळ्या लाल. मग मान खाजवायला लागली. आईचा फोन आला तर तिला पण, सगळं मस्त चाललंय. वीस मिनिटं, मी नंतर व्हॉट्सॲपच्या वेळा बघून मोजली, वीस मिनिटं ही बाई घशातली खाज गिळत बसली होती, का तर सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे बिझी होत्या आणि त्यांना कशाला त्रास. मग एकदम थंडी वाजून आली, दात वाजायला लागले, पलंग हलत होता अक्षरशः, बीपी खाली, आणि मग पळापळ.

नंतर डॉक्टरांनी समजावलं ते असं. रिटक्सिमॅब जाऊन बी-सेल नावाच्या पांढऱ्या पेशींना पकडतं आणि मारतं. त्या पेशी फुटल्या की आतली रसायनं रक्तात सांडतात, ताप, थंडी, पुरळ, घशात खाज, बीपी पडणं हे सगळं बहुतेक वेळा त्याचंच. पहिल्या वेळी पेशी भरपूर असतात म्हणून सांडतंही भरपूर. दुसऱ्या खेपेला मारायला उरलेलंच कमी असतं त्यामुळे त्रास बराच उतरतो. त्या २००८ च्या चाचणीत पण हेच दिसलं होतं, पहिल्या वेळी औषधवाल्यांना जास्त त्रास, दुसऱ्या वेळी औषधवाले आणि नुसतं पाणी दिलेले जवळपास सारखे. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत रिअ‍ॅक्शन आली याचा अर्थ औषध आपल्याला चालत नाही असा नसतो. थांबवायचं, गरज पडली तर परत अ‍ॅव्हिल, स्टेरॉईड, सगळं शांत झालं की निम्म्या वेगाने परत सुरू. आमचं तसंच झालं, रात्री आठला सुटलो. श्वास अडकणं, ओठ-जीभ सुजणं, छातीत दुखणं हे मात्र वेगळं प्रकरण, तिथे बंद म्हणजे बंद आणि पुढचं डॉक्टर ठरवणार.

पण गंमत बघा, घशातली खाज सुटली तेव्हाच सांगितलं असतं तर बहुधा पंप नुसता थोडा वेळ थांबवून काम झालं असतं. आपल्याकडे सहन करणाऱ्याचं केवढं कौतुक, आमच्या आईने तर तीन बाळंतपणं आवाज न करता काढली म्हणून अजून सांगतात लोक. इथे ते कौतुक उपयोगाचं नाही. इथल्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी ताईला सांगून टाकलं, खाज आली, कान गरम झाले, नुसतं विचित्र वाटलं तरी हाक मारायची, मला राग येत नाही, उशिरा सांगितलं तर येतो.

आणि नातेवाईकांनो, माझ्यासकट, जिथे पंप नाही आणि सलाईनला नुसतं चाक आहे तिथे त्या चाकाला हात लावायचा नाही. शेवटची एसटी चुकेल म्हणून पटकन संपवून टाकू असं करणारे मी पाहिलेत. हा वेग म्हणजे औषधाचाच भाग आहे हो. बीपीची गोळी चालू असेल तर तेही आधी डॉक्टरांना विचारा, बऱ्याचदा त्या सकाळी ती घेऊ नका म्हणतात, कारण बीपी एरवीच खाली जायला बघत असतं.

साडेदहा. ताईला आज काही नाही. घोरतीये. शाल अंगावर, कारण एसी, पण पायावरून काढलेली, कारण गरम झालं तरी पंचाईत. एमएसवाल्यांना उष्णता चालत नाही. विल्हेल्म उथहॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरने १८९० मध्ये हे लिहून ठेवलंय, की व्यायाम करून अंग तापलं की या लोकांची नजर धुरकटते आणि परत येते. त्यामुळे इन्फ्युजनने ताप आला आणि जुना डोळा परत अंधुक झाला किंवा पाय जड झाला तर लगेच नवीन अटॅक आला म्हणून रडारड नको. ताप उतरला की बहुतेक ते पण उतरतं. उतरलं नाही, दिवसभर तसंच राहिलं, तर फोन करायचा. दुसऱ्या खेपेनंतर आमचं हेच झालं होतं, ताई रात्री म्हणाली डोळा गेला परत, आणि सकाळी पेपर वाचत होती.

संपल्यावर लगेच पळायचं नाही, तासभर तिथेच. मग घरी, आणि पुढचे दोन दिवस अंग मोडून आल्यासारखं, फ्लूसारखं. आठवडा-दोन आठवड्यांनी सांधे दुखून ताप आणि पुरळ आलं तर तोही उशिरा आलेला साईड इफेक्टच असू शकतो, रविवारी भांडी घासली म्हणून दुखतंय असं समजू नका.

खरी लांबची काळजी मात्र वेगळी आहे. बी-सेल नाहीत म्हणजे इन्फेक्शनशी लढणारी एक फळी कमी. औषध सुरू करायच्या आधी हिपॅटायटिस बीची तपासणी करावीच लागते, कारण लिव्हरमध्ये दबून बसलेला तो व्हायरस उठू शकतो, आणि आपल्याकडे टीबीची पण करून घेतात. जिवंत विषाणूच्या लशी बंद, बाकीच्या लशी शक्यतो इन्फ्युजनच्या महिनाभर आधी उरकायच्या, नंतर घेतल्या तर शरीर अँटिबॉडी बनवणार कशाने. कधी कधी काही महिन्यांनी पांढऱ्या पेशी अचानक खाली येतात, म्हणून ताप आला की आमच्याकडे काढा नाही, आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी. आणि लघवीला जळजळ झाली की त्याच दिवशी तपासणी. या बाबतीत मी ताईच्या मागे लागतो आणि ती मला खडूस म्हणते.

पावणेदोन. पंप वाजतोय. ट्यूबमधले शेवटचे थेंब जावेत म्हणून सिस्टर वरून थोडं साधं सलाईन सोडतात, ते औषध पण पैसे देऊनच आणलंय ना.

आणि हे शेवटचं शूटिंग घरचं आहे, रात्रीचे तीन वाजलेत. सकाळच्या स्टेरॉईडने ताईची झोप उडालीये, दर खेपेला उडते, आता आम्ही कुणी तिला झोप म्हणत नाही. गाल लाल झालेत. तिने मसाल्याचा डबा ओट्यावर रिकामा केलाय, मोहरीतून जिरे वेगळे काढतीये, एक एक. आई उठून आली, बघितलं, काही बोलली नाही, समोर बसली आणि म्हणाली, दे इकडे थोडे.