चॉकलेट वितळलं पाहिजे

(अमेरिकेत, मिशिगनमध्ये, मंडळाच्या उन्हाळी शिबिरात शेकोटी पेटवल्यावर, निखारे होईपर्यंतच्या वेळात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं संपादन केलं आहे.)

नमस्कार मंडळी. समोर जाळ चांगला उंच गेलाय आणि मुलांच्या हातात काठ्या आहेत. ही लाकडं ओक आणि मेपलची आहेत, त्यांचे निखारे व्हायला पाऊण तास तरी लागेल. तोवर कुणीही काठी पुढे करायची नाही. तेवढाच वेळ मला बोलायला दिलाय, आणि मी स्मोर्सवरच बोलणार आहे. मार्शमॅलो म्हणजे साखरेची मऊ, फुगीर मिठाई; ती शेकोटीवर भाजून चॉकलेटसोबत दोन बिस्किटांच्या मध्ये दाबली की झाले स्मोर्स. इतकी वर्षं हे टेबल सांभाळतेय, तेव्हा यंदा मनातलं सगळं सांगून टाकते.

माझी मुलगी तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. साल १९९८. ती आज इथेच बसली आहे, तिला विचारूनच सांगतेय. शाळेतर्फे दोन रात्रींचं शिबिर होतं. फॉर्मवर आम्ही ‘शाकाहारी’ असं ठळक लिहिलं होतं आणि जेवणाची सोय त्यांनी खरंच नीट केली. दुसऱ्या रात्री शेकोटी झाली. सगळ्या मुलांना काठ्या आणि मार्शमॅलो वाटले. मार्शमॅलोत जनावराचं जिलेटिन असतं, म्हणून हिला सांगितलं, तुला हे चालणार नाही, तू बिस्कीट आणि चॉकलेट घे. कुणी वावगं बोललं नाही. तिनेही हट्ट केला नाही. घरी आल्यावर मी तिच्या बॅगेतले कपडे काढत होते, तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आई, माझं चॉकलेट वितळलंच नाही.”

बाकी काही नाही, एवढंच. मला मात्र ते वाक्य आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. स्मोर्समध्ये चॉकलेटला विस्तव कधी दाखवतच नाहीत. शेकोटीची धग मार्शमॅलो पोटात घेऊन येतो आणि ती चॉकलेटला देतो. चॉकलेटमधला कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे तोंडातल्या ऊबेपेक्षाही थोडं कमीच. त्याला फार काही लागत नाही. पण तेवढी ऊब तरी कुणी आणून द्यायला हवी ना? मार्शमॅलो काढून घेतला की उरतं ते नुसतं थंड बिस्कीट आणि थंड चॉकलेट. शेकोटीपाशी बसून खाल्लं काय आणि घरात फ्रिजपाशी उभं राहून खाल्लं काय, सारखंच.

या पदार्थाची सर्वांत जुनी छापील कृती म्हणून जिचा दाखला नेहमी दिला जातो, ती १९२७ सालची. गर्ल स्काऊट्स या मुलींच्या संघटनेच्या ‘ट्रॅम्पिंग अँड ट्रेलिंग विथ द गर्ल स्काऊट्स’ या पुस्तकात ती ‘सम मोअर्स’ नावाने आहे. आठ जणींसाठी १६ ग्रॅहम क्रॅकर (गव्हाची बिस्किटं), ८ चॉकलेटचे बार आणि १६ मार्शमॅलो. म्हणजे एकीला दोन मार्शमॅलो, आणि चॉकलेटचे दोन तुकडे, एक खाली, एक वर. भाजायचं निखाऱ्यांवर, हे त्यात स्पष्ट लिहिलंय, आणि मार्शमॅलोच्या उष्णतेने चॉकलेट थोडं वितळेल हेही. आपण आज एकच मार्शमॅलो आणि खालीच चॉकलेट घालतो, मग वरचं बिस्कीट कोरडं लागतं. जुनी पद्धत एकदा करून बघा. मला तीच आवडते.

ग्रॅहम क्रॅकरचं नाव पडलं ते सिल्व्हेस्टर ग्रॅहम यांच्यावरून. जन्म १७९४, पेशाने धर्मोपदेशक. मांस सोडा, मसाले सोडा, चहा-कॉफी सोडा, कोंड्यासकट दळलेल्या गव्हाची पोळी-भाकरी खा, असं ते गावोगाव सांगत हिंडायचे. १८५० मध्ये इथे जी अमेरिकन व्हेजिटेरियन सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. आजच्या क्रॅकरमध्ये साखर असते, ती त्यांना मुळीच चालली नसती. पण विचार करा, शाकाहाराचा प्रचार करण्यात ज्यांनी आयुष्य घालवलं, त्यांच्या नावाचं बिस्कीट वर आणि खाली, आणि मधोमध जिलेटिन. माझ्या मुलीला जे खाता आलं नाही ते ग्रॅहम साहेबांनाही खाता आलं नसतं.

जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढलेलं प्रथिन. इथल्या मार्शमॅलोत ते बहुतेक वेळा डुकराचं असतं, आणि पाकिटावर आपल्याकडच्यासारखा हिरवा ठिपका नसतो. नुसतं ‘जिलेटिन’ लिहिलेलं असतं. कोशर छाप (ज्यूंच्या आहारनियमांत बसतं असा शिक्का) दिसला म्हणजे शाकाहारी असं समजू नका, त्यात माशाचं जिलेटिन असू शकतं. हलालमध्ये गोवंशाचं असतं. नव्याने आलेल्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवा, कारण पाकीट हातात घेऊन दुकानात उभं राहिल्यावर हे कुणी सांगत नाही.

आणि मूळ मार्शमॅलोत जिलेटिन नव्हतंच! मार्शमॅलो हे एका झाडाचं नाव आहे. पाणथळ जागी वाढतं, भेंडी आणि जास्वंदीच्या कुळातलं. भेंडी चिरताना जो बुळबुळीतपणा सुरीला लागतो, तसाच चिकट रस त्याच्या मुळांत असतो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधले मिठाईवाले तो रस साखर आणि अंड्याच्या पांढऱ्यात फेटून मिठाई करायचे. मूळ काढण्याचा खटाटोप वाचावा म्हणून पुढे जिलेटिन आलं. म्हणून आज जिलेटिनशिवायचा मार्शमॅलो मागताना संकोच वाटायचं काहीच कारण नाही.

आता भाजण्याविषयी. हे मी शिकले ते माझ्या सासूबाईंकडून. त्या बार्शीकडच्या. २००६ च्या उन्हाळ्यात इथे आल्या होत्या आणि याच कॅम्पला आल्या. मुलं उंच जाळात काठ्या धरून उभी होती, मार्शमॅलो पेटत होते, काळे होत होते, फुंकर मारून मारून मुलं ते सोलून टाकत होती. सासूबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग उठल्या, एक लांब काटकी घेतली आणि जळती लाकडं एका अंगाला सारून निखारे पुढे ओढले. “बाळांनो, दम धरा जरा. हुरडा कधी जाळावर भाजतात का?”

हुरड्याच्या दिवसांत गोवऱ्यांची आगटी पेटवतात, जाळ बसू देतात, आणि मग ज्वारीची कोवळी कणसं त्या राखेत-निखाऱ्यात खुपसतात. जाळ असेल तर दाणा वरून करपतो आणि आत कच्चाच राहतो. मार्शमॅलो त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता, पण निखाऱ्यांची ओळख जुनी होती. त्यांनी निखाऱ्यांवर तळहात धरला आणि पाच आकडे मोजले. पाचव्या आकड्याला हात काढावासा वाटला, म्हणाल्या, एवढी धग पुरे. मग काठी सावकाश गोल फिरवत राहिल्या. मार्शमॅलो आधी फुगला, मग त्याच्या अंगावर पिवळसर छटा आली, आणि शेवटी लाडवाचं बेसन परातीत काढायची वेळ झाली की जो रंग असतो, बरोबर तो रंग. दोन मिनिटांच्या वर लागली असतील. सगळी मुलं हातातल्या काठ्या विसरून बघत होती.

त्यामागचं कारण साधं आहे. मार्शमॅलो म्हणजे साखरेच्या पाकात अडकवलेले हवेचे बुडबुडे. मंद धगीवर आतली हवा प्रसरण पावते, म्हणून तो फुगतो, आतलं जिलेटिन सैल होतं आणि बाहेरची साखर १६० अंशांच्या आसपास खरपूस व्हायला लागते. आत आणि बाहेर दोन्ही कामं एकाच वेळी व्हायला वेळ द्यावा लागतो. पेटलेला मार्शमॅलो बाहेरून कोळसा झालेला असतो, पण मधला भाग गारच असतो. असा मार्शमॅलो चॉकलेट वितळवू शकत नाही. काहींना जळकी चव आवडते, त्यांनी खुशाल पेटवावा, पण आधी आतून भाजून घ्यावा आणि शेवटी एक क्षण जाळ दाखवावा.

जिलेटिनशिवायचे मार्शमॅलो थोडे वेगळे वागतात. त्यात टॅपिओकाचा पाक आणि कॅरागीनन, म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेला चायना ग्राससारखा घट्ट करणारा पदार्थ असतो. माझा अनुभव असा की ते फुगतात कमी, बराच वेळ काही होत नाही असं वाटतं, आणि मग एकदम काठीवरून घसरतात. म्हणून ते आडवे न टोचता उभे, अगदी टोकापर्यंत टोचा, आणि रंग येताच काढा. चॉकलेटला मदत म्हणून बिस्कीट आणि चॉकलेट आधीच शेकोटीच्या कड्याच्या गरम दगडावर दोन मिनिटं ठेवा. ही युक्ती सगळ्यांनाच उपयोगी पडते.

आता नवे प्रकार. दरवर्षी कुणी ना कुणी डबा घेऊन येतं आणि म्हणतं, काकू, हे घालून बघू. मी कधी नाही म्हटलं नाही. एक नियम मात्र मला सापडलाय. स्मोर्समधला प्रत्येक घटक आपलं एक काम करतो. बिस्किटाने कुरकुरीत राहून आधार द्यायचा, मार्शमॅलोने धग आणायची, चॉकलेटने थोडा कडवटपणा आणून गोडाला आवरायचं. त्यातलं एक बदललं तर नव्याने ते काम करायलाच हवं. नानकटाई अप्रतिम लागते, पण दाबली की भुगा होतो. खारीचंही तेच. पार्ले-जी छान आधार देतं, आपलं बिस्कीट म्हणून मुलांना त्याचं अप्रूपही आहे, पण ते लहान आणि गोड, म्हणून त्यावर अर्धाच मार्शमॅलो आणि सत्तर टक्केवालं गडद चॉकलेट. दुधाचं चॉकलेट घातलंत तर तिसऱ्या घासाला जीव कंटाळतो.

सर्वांत जास्त संपतं ते मोनॅको. खारट बिस्कीट, गडद चॉकलेट, खरपूस मार्शमॅलो. मिठामुळे चॉकलेटची चव उठून येते. मोठी माणसं जी ‘मला नको, फार गोड असतं’ म्हणतात, ती याच्या दोन-दोन फेऱ्या मारतात.

गुलकंद मारी बिस्किटावर, अगदी नखाएवढा, आणि वर गडद चॉकलेट. नखाएवढाच, कारण गुलकंद स्वतःच पाकातला आहे. आंबापोळीची पातळ पट्टी चॉकलेटच्या जागी नव्हे, चॉकलेटच्या वर ठेवा. गरम मार्शमॅलो बसला की ती मऊ पडते आणि तिचा आंबटपणा नेमका मध्ये येतो. माझी सर्वांत आवडती जोडी हीच. शेंगदाण्याची चिक्की अख्खी घालून पाहिली, ती वितळत नाही आणि दाताला चिकटते. तीच खलबत्त्यात जाडसर कुटून मार्शमॅलो भाजून झाल्यावर त्यात घोळवली, तेव्हा जमली. शेंगदाण्याचं सगळं, पीनट बटरचे कपसुद्धा, पलीकडच्या निळ्या टेबलावर आहे आणि तिथल्या काठ्या इकडे आणायच्या नाहीत. तीन मुलांना ॲलर्जी आहे.

अगदी लहानांसाठी काठी नको. आइस्क्रीमच्या साखरेच्या कोनात बारीक मार्शमॅलो, चॉकलेटचे दाणे आणि केळ्याच्या दोन चकत्या भरून, फॉइलमध्ये गुंडाळून, पाच मिनिटं निखाऱ्यांच्या कडेला. ज्यांना मार्शमॅलो मुळीच नको त्यांच्यासाठी सालासकट केळं उभं चिरून त्यात चॉकलेट खोचायचं आणि फॉइलमध्ये आठ-दहा मिनिटं ठेवायचं. चमच्याने खायचं. इथे धग केळं आणतं, चॉकलेट वितळतंच.

दोन-तीन गोष्टी पटकन सांगते. झाडाच्या फांद्या तोडायच्या नाहीत, उद्यानात मनाई आहे, आणि तीन-तीन पानांची पॉयझन आयव्हीची वेल चुकूनही विस्तवात जाऊ देऊ नका, तिचा धूर फुप्फुसाला त्रास देतो. पुढच्या वर्षी घरून लाकडं आणू नका. २००२ मध्ये याच राज्यात, डेट्रॉईटजवळ, एमराल्ड ॲश बोअरर हा हिरवा भुंगा सापडला. सरपणातून तो गावोगाव पसरला आणि ॲशची कोट्यवधी झाडं मेली. लाकूड इथलं इथेच विकत घ्यायचं. वितळलेली साखर अंगाला लागली तर ओढून काढू नका, गार पाण्याखाली धरा, बर्फ लावू नका. झोपायला जाण्यापूर्वी दोन बादल्या पाणी, ढवळणं, पुन्हा पाणी, आणि हात जवळ नेऊन बघणं, हे काम आज माझ्याकडे आहे.

आणि माझं एक मागणं कार्यकारिणीकडे. आपल्या शिबिरात अजूनही जिलेटिनवाले मार्शमॅलो ढीगभर येतात आणि शाकाहारी दोन पाकिटं, ‘ज्यांना लागतील त्यांच्यासाठी’. ती दोन पाकिटं मागायला मुलाला रांग सोडून बाजूला जावं लागतं. यापुढे सगळेच जिलेटिनशिवायचे आणावेत. महाग आहेत, मला माहीत आहे. यंदाचा खर्च मी आणि माझ्या मुलीने मिळून केलाय. टेबलावर आज एकच प्रकार आहे, तो इथल्या प्रत्येकाला चालतो.

बघा, जाळ बसला. कडेला राख धरायला लागलीय आणि मध्ये लाल दिसतंय. मी हात धरून बघते... एक, दोन, तीन, चार, पाच. या. आठ वर्षांखालची मुलं आधी.