भोक पाडते ते बिट : पहिले कॉर्डलेस ड्रिल घेताना

श्रोतेहो, नमस्कार.

घरात एखादी फळी लावायची राहून गेलेली असते, पडद्याची दांडी एका बाजूने सैल झालेली असते, कपाटाच्या दाराची बिजागरी निखळलेली असते. काम पाच मिनिटांचे असते, पण ते महिनोन्महिने पडून राहते. कारण त्यासाठी कारागिराला बोलवावे इतके ते मोठे वाटत नाही, आणि नुसत्या स्क्रू ड्रायव्हरने उरकावे इतके सोपेही नसते. अशा वेळी घरातले कुणीतरी एक दिवस ठरवते, की आता स्वतःचे कॉर्डलेस ड्रिल घ्यायचेच. त्या पहिल्या खरेदीविषयी मला आज आपल्याशी बोलायचे आहे, आणि माझे मत सुरुवातीलाच सांगतो : पहिले यंत्र मध्यम ताकदीचे घ्यावे, आणि त्यातून जे वाचेल ते यंत्राच्या तोंडात बसणाऱ्या बिटांवर खर्च करावे. यंत्र फक्त फिरवते. भोक पाडते ते बिट.

दुकानात पहिला प्रश्न येतो तो व्होल्टचा. घरगुती कॉर्डलेस ड्रिल मुख्यतः 12 आणि 18 व्होल्ट अशा दोन वर्गांत मिळतात. काही खोक्यांवर 20 व्होल्ट असे छापलेले असते आणि ते 18 पेक्षा जास्त ताकदीचे असेल असा समज होतो, परंतु आतली रचना सारखीच असते. लिथियम-आयन बॅटरीच्या एका सेलचा सरासरी दाब 3.6 व्होल्ट, आणि असे पाच सेल ओळीने जोडले की 18 व्होल्ट होतात. नुकत्याच चार्ज केलेल्या सेलचा दाब 4 व्होल्टच्या घरात असतो, म्हणून तीच बॅटरी कुणी 20 ची म्हणून विकतो. 12 व्होल्टच्या यंत्रात तीन सेल असतात आणि त्यांचा सरासरी दाब 10.8 व्होल्ट भरतो. फर्निचर जोडणे, बिजागऱ्या बसवणे, लाकडात आणि पातळ पत्र्यात भोके पाडणे एवढेच काम असेल, तर 12 व्होल्टचे हलके यंत्र पुरेसे आहे, आणि ज्यांचा पंजा लहान आहे किंवा मनगट लवकर दुखते त्यांनी तेच घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन. विटांच्या भिंतीत भोके पाडण्याचे काम अधूनमधून निघणार असेल, तर 18 व्होल्टचे घ्यावे. खोक्यावर न्यूटन-मीटरमध्ये पिळाची ताकद दिलेली असते. ती 12 व्होल्टच्या यंत्रांत साधारण 30 च्या आसपास आणि घरगुती 18 व्होल्टच्या यंत्रांत 40 ते 60 च्या दरम्यान असते. पहिल्या यंत्राला त्याहून जास्त नको. जास्त पिळाचे यंत्र बिट अडकताच उलट हाताला झटका देते, आणि तो झटका सांभाळण्याची सवय नवख्या मनगटाला नसते.

आकडे वाचून झाले की यंत्र बॅटरीसकट हातात घ्यावे आणि हात खांद्याच्या उंचीवर धरून एक मिनिट तसाच ठेवावा. पडद्याची दांडी लावताना हात याच स्थितीत असणार आहे. तर्जनी ट्रिगरवर सहज पोचते का, आणि ट्रिगर अगदी हळू दाबल्यावर यंत्र हळूच फिरू लागते की एकदम झेप घेते, हेही तिथेच पाहून घ्यावे. 1917 साली ब्लॅक अँड डेकर या कंपनीला पिस्तुलासारखी मूठ आणि ट्रिगर असलेल्या विजेच्या ड्रिलचे पेटंट मिळाले, आणि 1961 साली त्याच कंपनीने बॅटरीवर चालणारे पहिले ड्रिल बाजारात आणले. मुठीची ती मूळ कल्पना आजही टिकून आहे, कारण एका बोटाने वेग आवरता येणे हीच या यंत्राची खरी सोय आहे.

बॅटरीबाबत एक गोष्ट विकणारा बहुधा सांगत नाही. आपण ड्रिल घेतो तेव्हा खरे तर एका बॅटरीच्या कुटुंबात शिरतो. एका कंपनीची बॅटरी साधारणपणे दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बसत नाही. त्यामुळे पुढे कधी करवत किंवा पॉलिशचे यंत्र घ्यावेसे वाटले, तर ते त्याच घराण्यातले घेणे सोयीचे पडते. म्हणून ज्या कंपनीच्या सुट्या बॅटऱ्या सहज मिळतात आणि पुढेही मिळतील असे दिसते, तिचेच यंत्र घ्यावे. स्वस्तात मिळणाऱ्या यंत्राच्या खोक्यावर बारीक अक्षरांत ‘बॅटरी आणि चार्जर वेगळे’ असे लिहिलेले नाही ना, हेही तपासावे. बॅटरीची साठवण अँपिअर-तासांत मोजतात. माझ्या मते 4 अँपिअर-तासांच्या एका जड बॅटरीपेक्षा 2 अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या घराला जास्त उपयोगी, कारण एक यंत्रात असते तेव्हा दुसरी चार्ज होत असते, आणि हातावरचा भारही कमी राहतो.

मोटर ब्रशलेस असावी का, असे पुष्कळ जण विचारतात. ब्रशलेस मोटरमध्ये झिजणारे कार्बन ब्रश नसतात आणि त्याच बॅटरीवर ती जास्त वेळ चालते. फरक परवडत असेल तर अवश्य घ्यावी. मात्र वर्षातून दहा-वीस वेळा बाहेर निघणाऱ्या यंत्रात तिच्यावाचून अडत नाही.

‘हॅमर’ या शब्दाबद्दल मात्र थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण निराशा बहुतेक इथेच पदरी पडते. साधे ड्रिल फक्त फिरते. हॅमर ड्रिलमध्ये दात असलेल्या दोन चकत्या एकमेकींवरून घसरतात, त्यामुळे बिट फिरता फिरता पुढे-मागे सूक्ष्म धक्के मारते. हे धक्के मिनिटाला हजारोंनी बसतात, पण प्रत्येक धक्का फार लहान असतो, आणि तो बसावा म्हणून आपल्याला मागून जोर लावावा लागतो. वीट त्याने भेदली जाते. काँक्रीटसाठी रोटरी हॅमर नावाचे वेगळे यंत्र असते. त्यात दट्ट्या हवेच्या दाबाने बिटाच्या मागच्या टोकावर खरा घाव घालतो. मी खिडकीवर दांडी लावायला पहिल्यांदा हॅमर ड्रिल घेऊन चढलो, तेव्हा पहिले भोक दीड-दोन मिनिटांत झाले आणि दुसरे एक सेंटिमीटर जाऊन थांबले. मी आणखी जोर लावला. बाहेर येणारी लालसर भुकटी करडी झाली, मग यायचीच थांबली, आणि बिट बाहेर काढले तर त्याचे टोक निळसर पडलेले होते. एका बाजूला वीट होती आणि दुसऱ्या बाजूला खिडकीवरची काँक्रीटची तुळई. भुकटीचा रंग बदलला तेव्हाच मी थांबायला हवे होते. आपली भुकटी लाल येते, पांढरी येते की करडी, इकडे लक्ष ठेवा; समोर वीट आहे, नुसता गिलावा आहे की काँक्रीट, हे ती सांगत असते. काँक्रीटमधल्या दोन-चार भोकांसाठी रोटरी हॅमर भाड्याने किंवा उसना आणावा, त्यासाठी पहिलीच खरेदी जड करू नये.

आता बिटांकडे वळतो. दगडा-विटांच्या बिटाचे टोक जवळून पाहिले तर त्यावर टंगस्टन कार्बाइडची एक छोटी करडी चकती बसवलेली दिसते, आणि ती मागच्या दांड्यापेक्षा किंचित रुंद असते. लाकडाच्या बिटाला मधोमध सुईसारखे टोक असते आणि कडेला दोन धारदार कोपरे असतात. सुई जागा धरते आणि कोपरे लाकडाचे तंतू कापत जातात, म्हणून भोकाची कड स्वच्छ येते. धातूच्या बिटाचे टोक साध्या शंकूसारखे असते आणि ते हाय-स्पीड स्टीलचे असते. धातूचे बिट लाकडातही चालून जाते. विटेचे बिट लाकडात घातले तर ते कापत नाही, रेटत आणि जाळत जाते, आणि लाकडाचे बिट विटेला लावले तर पहिल्याच भोकात संपते. शंभर तुकड्यांचा चकचकीत संच पाहून मन मोहते हे मला ठाऊक आहे, तरीही विटेसाठी 5, 6 आणि 8 मिलिमीटरची तीन चांगली बिटे, आणि 2 ते 8 मिलिमीटरपर्यंतचा धातूच्या बिटांचा एक बऱ्यापैकी संच, एवढ्यावर घरातली बहुतेक कामे होतात.

बिटाच्या अंगावर गोल फिरत गेलेल्या ज्या पन्हळी असतात, त्या भुगा बाहेर वाहून आणण्यासाठी असतात. 1971 साली अपोलो 15 च्या अंतराळवीरांनी बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलने चंद्राच्या जमिनीत भोके पाडली, तेव्हा ड्रिलला बिटासारख्या एकापुढे एक जोडलेल्या नळ्यांच्या सांध्यापाशी या पन्हळी नीट सलग नव्हत्या. चूर वर येईना, तो तिथेच घट्ट बसला आणि ड्रिल आत अडकू लागले. पुढच्या मोहिमेसाठी ती रचना बदलावी लागली. घरातल्या भिंतीतही हेच घडते. म्हणून खोल भोक पाडताना यंत्र चालू ठेवूनच बिट दोन-तीनदा बाहेर ओढावे, भुकटी झडू द्यावी आणि पुन्हा आत घालावे.

स्क्रू फिरवण्याच्या बिटांबाबत एक बारकावा सांगतो. फुलीच्या खाचेचे दोन प्रकार फार सारखे दिसतात. फिलिप्स खाचेत नुसती फुली असते. पोझिड्राइव्ह खाचेत फुलीच्या चार हातांच्या मधोमध आणखी चार बारीक रेषा कोरलेल्या असतात. एकाचे बिट दुसऱ्यात बसल्यासारखे वाटते, पण जोर येताच निसटते, दोन-तीनदा निसटले की खाच गुळगुळीत होते, आणि मग तो स्क्रू ना आत जातो ना बाहेर येतो. दोन्ही प्रकारांची 2 क्रमांकाची दोन-दोन बिटे आणि ती धरणारा एक चुंबकीय होल्डर पहिल्याच दिवशी घ्यावा.

लाकडात स्क्रू घालण्यापूर्वी बारीक भोक पाडले नाही, तर फळीची कड चिरते. हे भोक केवढे असावे, हे तक्त्यावाचूनही कळते. बिट स्क्रूच्या समोर धरून एका डोळ्याने पाहावे. स्क्रूचा मधला दांडा बिटाआड लपला आणि दोन्ही बाजूंनी फक्त आटे दिसले, की माप बरोबर जुळले. 4 मिलिमीटरच्या स्क्रूला मऊ लाकडात 2 ते 2.5 मिलिमीटर आणि कठीण लाकडात 3 मिलिमीटरच्या आसपास भोक लागते. भिंतीत प्लास्टिकची गट्टी घालायची असेल, तर 6 च्या गट्टीला 6 चेच बिट लावावे, आणि भोक गट्टीच्या लांबीपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर खोल घ्यावे, कारण तळाशी थोडी भुकटी उरतेच. त्या खोलीवर बिटाला चिकटपट्टीचा वेढा द्यावा, म्हणजे कुठे थांबायचे ते दिसते. गुळगुळीत टाइलवर बिट सरकते. तिथे कागदी चिकटपट्टीची फुली लावून त्यावर खूण करावी, टाइलचे खास बिट वापरावे, हॅमर बंद ठेवावा, आणि टाइल पार होईपर्यंत वेग कमीच राखावा. धातूत भोक पाडायचे असेल तर आधी पंचने, म्हणजे ठोकायच्या टोकदार हत्याराने, बारीक खळगा पाडावा, तेलाचा एक थेंब सोडावा आणि सावकाश जावे.

भिंतीला बिट लावण्याआधी आतून वायर किंवा पाण्याचा पाइप गेला नाही ना, याची खात्री करावी. स्विचच्या आणि सॉकेटच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नये, कारण वायर बहुधा त्याच रेषेत नेलेली असते. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. भिंतीची भुकटी फुप्फुसांना अपायकारक असल्याने नाका-तोंडावर धुळीचा मास्कही हवा. हातमोजे मात्र घालू नयेत, कारण फिरत्या बिटात मोजा गुंडाळला तर बोटही ओढले जाते. मोकळे केस आणि लोंबती बाही यांचेही तेच. बिट बदलताना आधी बॅटरी काढून ठेवावी. बॅटरी फार दिवस लागणार नसेल, तर ती अर्धवट चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवावी. वापरून तापलेली बॅटरी निवल्यावरच चार्जरला लावावी.

यंत्र घरी आले की भिंतीला लगेच हात लावू नये. बिट धरणाऱ्या जबड्याला चक म्हणतात. चकच्या मागे आकडे लिहिलेले एक कडे असते, तो क्लच. त्यातला आकडा जितका लहान, तितक्या लवकर यंत्र कट-कट आवाज करून पिळणे सोडून देते. शेवटी बिटाचे चित्र असते. तिथे क्लच सुटतच नाही, म्हणून ती जागा फक्त भोकांसाठी. वरच्या बाजूला 1 आणि 2 असे गिअरचे बटण असते. स्क्रूसाठी 1, म्हणजे मिनिटाला साधारण 400-500 फेऱ्या आणि भरपूर पिळ. लाकडातल्या आणि विटेतल्या भोकांसाठी 2, म्हणजे सुमारे दीड ते दोन हजार फेऱ्या. गिअर बदलताना यंत्र पूर्ण थांबलेले असावे. हे समजून घेतल्यावर एक टाकाऊ फळी घ्यावी, तिच्यात दहा बारीक भोके पाडावीत आणि क्लच लहान आकड्यावर ठेवून पहिला स्क्रू लावावा. डोके वर राहिले तर आकडा एकाने वाढवावा, डोके लाकडात बुडाले तर कमी करावा. बिट स्क्रूच्या अगदी सरळ रेषेत धरावे आणि मागून शरीराचा हलका भार द्यावा. ज्या आकड्यावर स्क्रूचे डोके फळीशी समतल बसेल आणि त्याच क्षणी यंत्र कट-कट करेल, तो आकडा, स्क्रूचे माप आणि लाकडाचा प्रकार यंत्राच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावा. त्यानंतर कपाटाच्या बिजागरीला हात घालायला हरकत नाही.

नमस्कार.