‘मी बाई तोंडावर खरं बोलते!’ बरं, मग पुढे?

नमस्कार मंडळी, इंदूरहून. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न धडाधड आलाय: गीतेतलं घरात वापरायचं कसं?

तर सतरावा अध्याय, पंधरावा श्लोक. ‘अनुद्वेगकरं वाक्यं सत्यं प्रियहितं च यत्’. समोरच्याला न टोचणारं, खरं, गोड आणि हिताचं बोलणं, जोडीला स्वाध्याय, म्हणजे धर्मग्रंथांचं पठण. हे वाणीचं तप. अर्थ सोपाय, पुढे चला.

घोळ असा, की आपण त्यातला ‘सत्यं’ तेवढा उचलतो. ‘मी बाई तोंडावर खरं बोलते!’ अहो, पण श्लोक सुरू कशानं होतो? अनुद्वेगकरं. सत्याचा नंबर दुसरा.

माझंच सांगते. माहेरी गेले होते, वहिनीची आई आलेली. आईनं हौसेनं पोहे केले आणि मी सगळ्यांदेखत म्हटलं, ‘आई, मीठ जास्त झालंय गं.’ खरं? शंभर टक्के. हिताचं? आईला बीपी आहे, म्हणजे तेही. पण विहिणीसमोर! पुढचे दोन रविवार पोहे ठेल्यावरून आले.

आता कुणीतरी लिहिणारच, ‘ताई, मग काय खोटं बोलायचं?’ दर वेळी हेच! नाही हो. तेच वाक्य पाहुणे गेल्यावर ओट्यापाशी बोलले असते तर मीठ काय कमी झालं असतं?

आणि हो, हाच श्लोक सकाळी सहाला गुलाबाच्या फोटोवर छापून फॅमिली ग्रुपवर टाकणारे! तो कुठल्या जावेसाठी आहे हे अख्ख्या ग्रुपला कळतं. ते तप नाही, तो टोमणा आहे, संस्कृतात.

एका दादांची कमेंट मात्र भारी. ‘कृष्णानं स्वतःच अर्जुनाला क्लैब्य, म्हणजे नामर्दपणा, म्हणून झापलं, त्याचं काय?’ झापलं की, दुसऱ्या अध्यायात, तिसऱ्याच श्लोकात. पण पुढे वाचा ना! अर्जुन उठला का? भीष्म-द्रोणांवर बाण कसे सोडू म्हणाला, आणि नवव्या श्लोकात सरळ ‘न योत्स्ये’, लढणार नाही, म्हणून गप्प बसला. टोचून बोलून कृष्णाचंही काम झालं नाही, तर तुमचं-माझं काय होणार?

मधे सातव्या श्लोकात अर्जुन स्वतः म्हणतो, मी तुझा शिष्य, मला सांग. खरा उपदेश त्याच्यानंतर, अकराव्यापासून. आपल्याकडे पोरगं दप्तर टाकतंय तोवर उपदेश सुरू. आणि अठराव्या अध्यायात, सगळं सांगून झाल्यावर, कृष्ण काय म्हणतो? ‘यथेच्छसि तथा कुरु’. नीट विचार कर आणि तुला वाटेल ते कर. मुलीनं कॉमर्स सोडायचं म्हटलं तेव्हा हे वाक्य कितीजणांच्या तोंडून निघालं? माझ्या तरी नाही.

बरं, आईनं परवा पुन्हा पोहे केले. या वेळी मीठ कमी. मी वरून जीरावन, आपला इंदुरी पोह्यांचा मसाला, भुरभुरवलं आणि खाल्ले. ती हा व्हिडिओ बघणार आहे, तेव्हा एवढंच.