कोर्स अर्धवट सुटला, तर फीचं काय?

नमस्कार, श्रोतेहो. अमेरिकेत वेल्डिंग, नर्सिंग असिस्टंट, केशभूषा असे कोर्स शिकवणाऱ्या करिअर स्कूलमध्ये तुमच्या घरातलं कुणी प्रवेश घेणार असेल, तर सही करण्याआधी एवढं जरूर ऐका.

सरकारी मदतीसाठीचा फाफ्सा अर्ज मोफत असतो. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक त्यासाठी पात्र ठरतात. एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे एच-१बी नोकरदारांवर अवलंबून असलेल्या, मुलांना ही मदत मिळत नाही, हे आपल्या पालकांनी आधीच ध्यानात ठेवावं.

मग किती मदत मिळेल हे सांगणारं शाळेचं पत्र येतं. त्यात अनुदान आणि कर्ज एकाच बेरजेत असेल, तर कर्जाच्या ओळी आधी खोडा. पेल ग्रँट, म्हणजे सरकारी अनुदान, फेडावी लागत नाही; २०२५-२६ साठी ती जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे. कर्ज मात्र फेडावंच लागतं. सबसिडाइज्ड कर्जाचं व्याज शिकत असेपर्यंत सरकार भरतं. अनसबसिडाइज्ड कर्जाचं व्याज पैसे हातात पडल्यापासूनच चढत जातं. अवजारं, गणवेश, परवाना परीक्षा यांचा खर्च फीत धरलाय का, तेही विचारा.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मध्येच शिक्षण सोडावं लागणाऱ्यांची. समजा, घरी आजारपण आलं आणि मुलीनं सत्राचे ३० टक्के दिवस भरून कोर्स सोडला. सरकारी नियमाप्रमाणे त्या सत्राच्या मदतीपैकी ३० टक्केच तिच्या हक्काची ठरते. उरलेल्यातला मोठा हिस्सा शाळेला सरकारकडे परत पाठवावा लागतो. शाळेच्या परताव्याच्या नियमात तोवर फी माफ होत नसेल, तर ती रक्कम शाळा मुलीकडे मागू शकते. हातात प्रमाणपत्र नाही, वर बिल! ६० टक्क्यांहून जास्त सत्र झालं, तर मात्र त्या सत्राची सगळी मदत तिचीच राहते. म्हणून परताव्याचं वेळापत्रक कागदावर मागा. तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

आणि शाळाच बंद पडली तर? २०१५ मध्ये कोरिंथियन कॉलेजेस आणि २०१६ मध्ये आयटीटी टेक या करिअर स्कूलच्या साखळ्या बंद झाल्यावर हजारो विद्यार्थी मधेच अडकले. शाळा बंद होताना तुम्ही शिकत असाल, किंवा त्याआधीच्या १८० दिवसांत सोडलं असेल, तर त्या शाळेसाठी घेतलेलं सरकारी कर्ज माफ होऊ शकतं. ही सवलत खासगी बँकेच्या कर्जाला लागू नाही, तेव्हा खासगी कर्जाचा कागद सगळ्यात शेवटी उघडा.