कोपऱ्यातली तारीख

[दृश्य : वर्धा जिल्हा, देवळी तालुक्यातलं एक गाव. सकाळ. पांढरी झालेली शेतं.]

दिवाळी सरली की इथली घरं सकाळीच रिकामी होतात. बाया ओटी बांधून कापसाच्या वेचणीला जातात. संध्याकाळी बांधावर काटा लागतो आणि वहीत एकेकीच्या नावापुढे किलो चढतात.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या या मुलीला आईची ती वही संगणकात आणायची आहे. एक्सेलमधले किलो पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेने वाचायचे, किलोच्या दराने गुणायचे, हप्त्याचे, म्हणजे आठवड्याचे, रुपये काढायचे. प्रोग्राम बारा ओळींचा, लिहूनही झालाय. एक्सेलची फाईल वाचायला ओपनपायएक्सएल नावाचं फुकट पॅकेज लागतं, ते काही केल्या येत नाही.

"सर, हे तं पुन्हा लाल लाल येऊन राह्यलं," ती मला म्हणते.

आठवड्यात तिने पायथन तीनदा काढलं, तीनदा टाकलं. दर वेळी पंचवीसेक एमबी, तेही फोन खिडकीत ठेवून, कारण रेंज तिथेच मिळते. जे पॅकेज अडलंय ते तीनशे केबीचंसुद्धा नाही. आणि एवढं करून तिला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. मला हे फार लागतं. यात तिची काहीच चूक नव्हती.

[दृश्य : संगणकांची खोली. पडदा जवळून.]

लाल ओळ म्हणते, असं पॅकेज सापडलंच नाही. मुलं तिथेच थांबतात, नाव चुकलं असेल म्हणून स्पेलिंग तपासत बसतात. मी म्हणतो, वर सरका. लाल ओळींच्या वर पिवळ्या ओळी आहेत, कंटाळवाण्या, एकसारख्या. त्यांच्यात एक वाक्य दडलंय : सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड. सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही.

लागू झालं नाही? मग आज तारीख काय?

ती पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पाहते. 1 जानेवारी 2012.

पॅकेज जिथून येतं तो सर्व्हर आधी आपलं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, दाखवतो. त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. ते अलीकडचं. मशीनच्या मते मात्र साल 2012, म्हणून ते त्याला नाकारतं, आणि नाकारतं ते बरोबरच.

[दृश्य : उघडी कॅबिनेट, धूळ, स्क्रूड्रायव्हरचं टोक.]

मदरबोर्डवर हा नाण्याएवढा सेल असतो, सीआर 2032. वीस मिलिमीटर रुंद, 3.2 मिलिमीटर जाड, आकडा त्यावरूनच. लाईन गेली तरी घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. जुन्या मशीनमध्ये तो बहुधा संपलेला असतो, आणि इथे लाईन रोज जाते. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे नवा मिळतो. तोवर तारीख हाताने लावायची.

तिने तारीख लावली, तीच आज्ञा पुन्हा दिली. दोन फायली उतरल्या. सक्सेसफुली इन्स्टॉल्ड. ती काही बोलली नाही, खुर्ची पुढे ओढली फक्त.

शेजारच्या मशीनचं दुखणं निराळं. त्यावर विंडोज 7 आहे, आणि ऑक्टोबर 2020 मध्ये आलेलं पायथन 3.9 किंवा त्यापुढचं काहीच त्यावर बसत नाही. 3.8 चालतं. पण त्याची देखभाल 2024 मध्ये थांबली, म्हणून पुढे त्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स चढवायचं ठरलंय. पॅकेजसाठी पुन्हा इंटरनेट जाळायची गरज नाही. पॅकेज आणून देणाऱ्या पिप या साधनाला पिप डाउनलोड म्हटलं की त्या दोन फायली फोल्डरमध्ये साठतात, पेन ड्राइव्हने खोलीतल्या सगळ्या मशीनवर जातात.

[दृश्य : संध्याकाळ, घराची ओसरी.]

आई हात धुऊन बसते. मुलगी हप्त्याचा आकडा वाचून दाखवते. आई क्षणभर गप्प राहते.

"वही आन."

बुधवारचे किलो टाकायचे राहिले होते.