निमाडचं झाड आणि हिंदुकुशचं झाड
(इंदूर इथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, खंडव्याच्या रस्त्याने सिमरोळचा घाट उतरलं की माळवा संपतो आणि निमाड लागतो. आज तिकडे कापूस आणि मिरची दिसते. सव्वाशे वर्षांपूर्वी त्याच काळ्या जमिनीत सरकारी परवान्याने गांजा पिकत होता. १८९३-९४ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाने देशभरातल्या भांग-गांजाची चौकशी केली. तेव्हा परवान्याच्या लागवडीची ठळक ठिकाणं होती बंगालात नौगाव, मुंबई इलाख्यात अहमदनगर आणि मध्य प्रांतात आपलं खंडवा. आजचा विषय ‘इंडिका’, म्हणजे या नावाने ओळखलं जाणारं गांजाचं झाड, असला तरी मी सुरुवात निमाडापासून करतोय. कारण ‘इंडिका’ म्हणून आज जगभर ज्या झाडाचं वर्णन केलं जातं, ते निमाडातलं झाड नव्हे.

ते वर्णन तुम्ही ऐकलं असेल: ठेंगणं, झुडपासारखं, रुंद आणि गडद पानांचं, लवकर फुलणारं. हे झाड हिंदुकुशच्या डोंगरातलं, अफगाणिस्तानकडचं. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लामार्कने १७८५ मध्ये ‘कॅनाबिस इंडिका’ हे नाव दिलं, ते मात्र हिंदुस्थानातून गेलेल्या नमुन्यांवरून. आपल्याकडचं झाड उंच, अरुंद पानांचं आणि सावकाश पिकणारं. व्यापारात नावं पुढे पार सरमिसळली, म्हणून पाकिटावर काय छापलंय यापेक्षा झाड कुठलं आहे ते विचारावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हा फरक का पडला? या झाडाला रात्रीची लांबी कळते. रात्र पुरेशी मोठी झाली की ते वाढ आवरतं आणि फुलोऱ्याला लागतं. इंदुरात वर्षातला सर्वांत मोठा दिवस साधारण साडेतेरा तासांचा. उत्तर अफगाणिस्तानात तो साडेचौदा तासांच्या पुढे जातो, आणि शरद सरता सरता थंडी अंगावर येते. तिथल्या झाडाला फूल, बी सगळं त्याआधी उरकायचं असतं. जे रेंगाळलं त्याचं बी धरलं नाही. शिवाय तिथल्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या चरसासाठी निवड केली: वाळवलेलं झाड चाळणीवर झटकलं की राळ सुटून खाली पडली पाहिजे. हिमाचलात ओला फुलोरा तळहातावर मळून चरस काढतात, तिथे अशी निवड व्हायचं कारण नव्हतं. निमाडात पावसाळ्यानंतरही लांबलचक, कोरडी, उबदार हवा मिळते. घाई कशाला करायची? झाड उंच वाढलं, उशिरा फुललं.

लागवडीतलं खरं कसब मात्र पेरणीत किंवा खतात नव्हतं. या जातीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि गांजा मिळतो तो मादीच्या फुलोऱ्यातून. पराग पडला की मादी बी धरते आणि तिची राळ कमी होते. म्हणून फुलं उमलण्याआधीच नर ओळखून उपटावे लागत. हे पडद्यावरचं चित्र बघा. पेराशी, पानाच्या बगलेत, नराची कळी गोल आणि देठावर लोंबणारी. मादीची कळी निमुळती, तिच्या टोकातून दोन पांढरे तंतू बाहेर आलेले. कळी जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि शेतात अशी हजारो झाडं! बंगालात या कामासाठी खास पारखी माणसं मजुरीवर आणत, आणि गोरे अधिकारी त्यांना चक्क ‘गांजा डॉक्टर’ म्हणत. एक नर नजरेतून सुटला तरी वारा त्याचा पराग शेजारच्या शेतातही नेई. शाळेची पायरी न चढलेल्या माणसांचं हे वनस्पतिशास्त्र आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

भिंगाखाली मादीच्या फुलोऱ्यावर बारीक देठाच्या, पारदर्शक डोक्याच्या टाचण्या दिसतात. राळ या ग्रंथींत तयार होते. नशा आणणारा मुख्य घटक, टीएचसी, १९६४ साली इस्राएलमध्ये मेखुलाम आणि गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळा केला. ताज्या झाडात तो आम्लाच्या रूपात असतो आणि उष्णतेने बदलतो. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. ठंडाईत भांगेबरोबर दूध आणि बदाम का असतात, ते यावरून लक्षात येईल.

तरुण मंडळी बसली आहेत, म्हणून सांगतो. कोवळ्या वयात रोज गांजा ओढल्याने स्मरणशक्तीला आणि मनाला इजा होते, हे वैद्यकाने पुरेसं दाखवलंय. कायद्याचं म्हणाल, तर १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याने नुसतं पान, म्हणजे भांग, गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवलं. म्हणूनच आपल्याकडे भांगेची परवान्याची दुकानं चालतात. विनापरवाना लागवडीला मात्र १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कुंडीतलं एक झाडसुद्धा लागवडच.

पण त्याच कायद्याच्या कलम १४ खाली धागा, बी किंवा बागायती कामासाठी सरकार लागवडीची परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडाने कमी टीएचसीच्या हेम्पसाठी, म्हणजे याच झाडाच्या धाग्या-बियांसाठी लावायच्या वाणांसाठी, ती वाट धरली आहे. माझी मागणी त्याहून लहान आहे. आपल्या राज्यातल्या एखाद्या कृषी महाविद्यालयाने रीतसर परवाना घ्यावा, निमाडात कुठे बांधावर, ओढ्याकाठी या जुन्या वाणाची झाडं उरली असतील तर त्यांचं बी गोळा करावं, आणि ते एखाद्या बियाणे-बँकेत सांभाळून ठेवावं.